आईच्या रक्ताचा कागद

परवा पेपरात वाचलं, नखाएवढ्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की कर्करोगाची खूण कळेल, असं यंत्र निघतंय. वाचून माझाच मला राग आला. यंत्र किती का बारीक होईना, कागद वाचणारं माणूस माझ्यासारखं असेल तर काय उपयोग?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मेढ्याजवळच्या खेड्यात राहायचो. आईचं पोट फुगायला लागलं, तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिचं रक्त घेऊन मुंबईला तपासायला पाठवलं. आठवड्याने वडील एस.टी.ने जाऊन बंद पाकीट घेऊन आले. डॉक्टर दोन दिवसांनी भेटणार होते. पण भावकीतली सगळी इंग्रजी पत्रं मीच वाचायचे, अगदी पलटणीतून आलेलीसुद्धा. शिकलेली पोर घरात असताना डॉक्टरला कशाला विचारायचं? वडिलांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

मी बी.एस्सी.ला होते. कागदावर कर्करोगाच्या खुणेचा एक आकडा होता, शेजारी निरोगी माणसाची मर्यादा. आकडा तिच्या कित्येक पट होता. मला सगळं कळलं.

तीन आठवड्यांनी माझं लग्न होतं. सांगलीचं स्थळ, मुलगा बँकेत, आणि मी त्याच्यावर लट्टू. पोरीच्या आईच्या रक्तात असला रोग निघाला म्हणजे ती माणसं पाय मागे घेणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"काय लिवलंय गं?" आईने विचारलं.

"काय न्हाई. रगात कमी हाय," मी म्हटलं.

ती हसली. "मंग खजूर खाते की."

आणि खरंच रोज खजूर खाऊ लागली. डॉक्टरकडे कुणी गेलंच नाही. लग्नानंतर सांगू, असं मी ठरवलं होतं. लग्नानंतर सांगायला तोंड उरलं नाही.

दिवाळीनंतर तिला सांगलीच्या दवाखान्यात आणलं, तोवर फार उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी जुना कागद पाहिला. "हा तेव्हा कुणी वाचला नाही?" वडील माझ्याकडे बघत राहिले. आईही.

"तवा कळलं हुतं तुला?" आईने विचारलं.

"व्हय."

ती रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटच्या दिवशी मी चमच्याने पाणी तिच्या ओठांना लावलं, तर तिने दात आवळून घेतले. मग उशाशी बसलेल्या वहिनीने माझ्या हातातला चमचा घेतला, आणि आई प्यायली.