कडेला बसणारी आत्या

बाबाच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो हातात पडला की प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो: "हा मी नाहीच." बायका ते तक्रारीच्या सुरात म्हणतात, पुरुष उसनं हसून. बँकेतल्या एका गोलमटोल साहेबांनी तर चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून विचारलं होतं, "अहो, हा कुणाला पकडून आणलंत?"

बाबाचं उत्तर ठरलेलं. "साहेब, कॅमेरा चार-पाच किलो वरचे लावतो. भाजीवाल्यासारखं नाही, हा देताना जास्तच देतो." गिऱ्हाईक खूश. वजन कॅमेऱ्याचं, माणूस निर्दोष.

दार लोटलं गेलं की खरं काय ते मला सांगायचा. समोरून भपकन उजेड पडला की गालाखालची सावली पुसली जाते आणि चेहरा ताटासारखा सपाट दिसतो. आरशासमोर माणूस पोट आत ओढून उभा राहतो, कॅमेऱ्यासमोर पोटाला विसरतो. तिसरी गोष्ट मात्र तो आवाज खाली आणून सांगायचा, जणू भिंतीपलीकडचा फोटोवाला कान लावून बसलाय. पुष्कळ माणसं एका फोटोत बसवायला रुंद भिंग लावलं, की कडेची माणसं आडवी ताणली जातात. म्हणून जाडे मधे, काटकुळे कडेला. "कडेचा माणूस फुकटात बाळसं धरतो!"

ही विद्या त्याने पहिल्यांदा आजमावली ती आत्यावर. आत्या त्याची धाकटी, एकुलती बहीण. फासळ्या लांबून मोजाव्यात अशी, म्हणून तो तिला काडी म्हणायचा. आमच्या घरातल्या एकूण एक फोटोत आत्या कडेला उभी आहे, आणि एकूण एक फोटोत खाऊनपिऊन सुखी दिसते.

ती राहायची दूरच्या शहरात, एकटी. कपड्यांच्या मोठ्या दुकानात तयार कपडे उसवून गिऱ्हाइकाच्या मापाचे करून द्यायची. दोन वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा रजा टाकून आमच्याकडे येऊन राहिली. आठ महिन्यांनी आई गेली. नंतर चार महिने बाबाने स्टुडिओ उघडला नाही. शेवटी आत्यानेच एका सकाळी शटर वर केलं आणि त्याला म्हणाली, "बस आत. नुसता बस."

ती परत गेल्यापासून दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल. तिचा फोन फळीवर आडवा टेकवलेला. मध्यभागी शिलाई मशीन, आत्या पार डाव्या कडेला.

"अगं मधे ये की. मशीन बघायला फोन केलाय का मी?"

"मशीन माझ्यापेक्षा देखणं आहे, दादा."

"काडी, गाल आलेत बरं का तुला!"

"नजर लावू नकोस मेल्या."

मग मला फर्माईश व्हायची, "ए, तो बँकवाला कर ना." मी नाकावर चष्मा चढवून साहेब करायचे. आत्या हसून हसून खोकायची, "पाणी पिऊन येते" म्हणून पडद्यावरून गायब व्हायची. आपण फारच भारी करतो, असं मला वाटायचं.

असे सात महिने गेले. एका रविवारी तिच्या दाराची बेल वाजली. दार दुसऱ्या बाजूला होतं. आत्या उठली आणि मशीनपुढून चालत गेली. कडेवरून निघालेली बाई मध्यावर पोचेपर्यंत निम्मी झाली होती. दार लावून परत आली, आपल्या जागी बसली, आणि पुन्हा भरली.

"ठेवतो गं," बाबा एवढंच म्हणाला. फोन पालथा ठेवून म्हणाला, "गुरूची विद्या गुरूला," आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने दार उघडलं. आधी मला तिचे कपडे दिसले, कारण ते तिला नीट बसत होते. घरात गेल्यावर कळलं, दोरीवरच्या प्रत्येक कुडत्याला आतून टीप घातलेली होती. एकदा नाही, तीन-तीनदा, एकीच्या आत दुसरी.

"कळवून तरी यायचं," ती म्हणाली.

"कळवलं असतं तर कुठे उभी राहिली असतीस? दाराला कड नसते."

ती खुर्चीत बसली. बाबा उभाच.

"वहिनीच्या वेळी पाहिलंय मी तुला," ती म्हणाली. "चमचा तिच्या तोंडाशी न्यायचास आणि हात लटपटायचा. म्हटलं, पुन्हा नको."

"औषधं?"

"सगळी झाली. लागू पडली नाहीत."

"मी आधी आलो असतो तर?"

"तर आधीपासून रडला असतास." मग कुडता सारखा करत, "कशी दिसतेय रे मी?"

आयुष्यभर लोकांची समजूत घालण्यात तरबेज झालेला माझा बाप म्हणाला, "वाईट. फार वाईट दिसतेस."

"हुश्श!" आत्या म्हणाली. "दुकानात सगळ्या म्हणतात, बारीक झालीस, छान दिसतेस. कान किटले माझे."

मग आम्ही तिथेच राहिलो. आत्या त्यानंतर सव्वीस दिवस होती. बाबा तिला चमच्याने भरवायचा. हात लटपटायचाच. ती म्हणायची, "सांडू दे. मशीनवर पडलं नाही म्हणजे झालं."

शेवटच्या आठवड्यात दुखणं थांबवायचं औषध वजनावर ठरवायचं होतं, म्हणून दवाखान्यात नेलं. काट्यावर तिला उभं राहता येईना. नर्स म्हणाली, "दोन्हीकडून धरा." धरून काय वजन कळणार? बाबाने चपला काढल्या, आत्याला मुलासारखं उचललं आणि तिला घेऊन स्वतःच काट्यावर चढला. एकशे दोन. तिला खुर्चीत ठेवून पुन्हा एकटा चढला.

"तुझं किती?" आत्याने विचारलं.

"एकाहत्तर."

"अगं बाई! आणि गाल माझे काढत होतास?" ती हसली. खोकला आला, तो थांबला. "आणि माझं?"

नर्सने बाबाकडे पाहिलं. काय सांगू, असं.

"एकतीस," बाबा म्हणाला.

"मला वाटलं तीस भरेल," आत्या म्हणाली.

नर्सने चाकाची खुर्ची पुढे केली. बाबा म्हणाला, "असू दे." त्याने आत्याला परत उचललं. तिने हात त्याच्या मानेत टाकला. त्या लांबलचक पॅसेजमधून लोक भिंतीला सरकून वाट देत होते. त्याच्या चपला काट्यापाशीच राहिल्या होत्या. त्या मी रिकाम्या खुर्चीत ठेवल्या आणि खुर्ची ढकलत त्यांच्या मागून निघाले.