रोडग्यांच्या आडचा डोंगर

देवानं हिमालयापासून सह्याद्रीपर्यंतचे डोंगर नुसता हात बसावा म्हणून केले आणि हात बसल्यावर मानोरा तालुक्यात एक खरा डोंगर केला, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वयानं आणि नात्यानं मोठे, त्यामुळे त्यांची टिंगल करण्याचा मला काही अधिकार नाही. ती मी करतो, मग मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटून झालं की पुन्हा करतो. मी मंगरूळपीरला शाळामास्तर आहे. वाईट वाटून घेणं हा माझा जोडधंदा.

डांबरी रस्ता संपतो, तांडा मागं पडतो, मग साडभाऊंचं वावर लागतं आणि वावराच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासूनच, डोंगर चढायला लागतो. उंची म्हणाल तर शहरातल्या माणसाला दम लागेल आणि गावातल्या बकरीला लागणार नाही, इतपत. सालई, धावडा, मोहा, टेंभुर्णी. फाल्गुनात पळस असा पेटतो की बघणाऱ्यानं बादली शोधावी. एवढं पुरे होतं. साडभाऊंना पुरे होत नाही. मुलीनं हौसेनं त्यांना मनालीला नेलं, तर तिथं हे पर्वतरांगेकडं बघून म्हणाले, "हे बर्फ पुसून टाका अन् मंग दाखवा. अंगावर पांढरी चादर घेतली तं कोनीबी देखनं दिसते." पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले. मुलीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो? हे म्हणाले, "त्याच्या खोलीतून डोंगर दिसते." आश्चर्य म्हणजे लग्न जमलं. त्या खोलीच्या खिडकीतून गुरांचा कोठा दिसतो, आणि सूनबाईंनी ते अजून माफ केलेलं नाही.

डोंगरावरची जनावरं ही त्यांची सोयरीक. रोही, म्हणजे नीलगाई, पीक खातात, पण "पोटासाठी करते बिचारे". मोर म्हणजे गावातला रिकामटेकडा छैला. सायाळ रातपाळीवाली. आणि सगळ्यांत लाडकी एक अस्वल. तिला ते अस्वल म्हणत नाहीत, 'बाई' म्हणतात. उन्हाळ्यात नाले आटले की डोंगराच्या मावळतीच्या अंगाला एकच झिरा उरतो, कढईभर पाण्याचा. उन्हं कलली की बाई पिल्लांना पाठीवर घेऊन तिथं उतरते. साडभाऊ लांब खडकाआड बसून बघत. मी एकदा म्हटलं, भाऊ, फोटो तरी काढा. तर माझ्यावरच उखडले, "लेक माहेरी आली का तिच्या मांगं कोनी क्यामेरा घेऊन फिरते काय, मास्तर?"

अशा माणसानं डोंगराची तारीफ घरात ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण ते एसटीत, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कुणीही भेटलं की सांगत, "या एकडाव, पाहा तं खरं." मीही पळसाचे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकले, ते कुठून कुठं गेले. आणि लोक आले. अकोल्याचे आले, अमरावतीचे आले. सुरुवातीला साडभाऊ स्वर्गात होते. एकेका झाडापाशी पाहुण्यांना इतका वेळ उभं करत की माणसं खोटे फोन घेऊ लागली. मग कुणाला तरी शोध लागला की झिऱ्याच्या वरच्या खडकावरून सूर्य मावळताना छान दिसतो. त्याचं लगेच 'सनसेट पॉइंट' झालं, जणू तोवर सूर्य मूर्तिजापूरला जाऊन मावळत होता. रोज संध्याकाळी तिथं गर्दी, कुरकुऱ्यांच्या पिशव्या, आणि स्पीकरच्या डब्यातून निघणारी गाणी.

एका संध्याकाळी बाई आली. करवंदीच्या जाळीपर्यंत आली, गाणं ऐकलं, थांबली, आणि पिल्लं पाठीवर तशीच घेऊन फिरली. साडभाऊंनी खडकाआडून बघितलं. घरी येऊन त्यांनी ताट बाजूला सारलं. "लेक उंबऱ्यावरून वापस गेली, मास्तर. पानी न पेता. अन् दुसरं पानी हाये कुठी आता?"

मी शिकलेला माणूस, लगेच उपाय सुचवले. अस्वलाची पाटी लावू. "मंग तं अख्खा जिल्हा येईन पाह्यले." बरं, लोकांना सांगा वर जाऊ नका. "मीच बलावलं, अन् मीच नाई म्हनू? पाहुन्याले?" मग वर काही बघण्यासारखं नाही, असं तरी सांगा. हे त्यांनी करून बघितलं. एका कुटुंबाला अडवून म्हणाले, "वर काईच नाई, बावा." पण तोंडाला सवय नव्हती. पुढचं वाक्य निघालं, "म्हनजे मोहा हाये, पन मोहा काय," आणि तिथून घसरले ते अर्धा तास डोंगराचं वर्णनच करत राहिले. ते कुटुंब धावतच वर गेलं.

अखेर त्यांना जे सुचलं ते वऱ्हाडी माणसालाच सुचावं. रोडगे. कणकेचे जाड गोळे, आत तुपाचे पदर, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे. गोवऱ्या पेटायला वेळ, आर पडायला वेळ, रोडगा आतपर्यंत शिजायला त्याहून वेळ. वर तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खायचा. रोडगे खाल्लेला माणूस डोंगर काय, ओटाही चढू शकत नाही. साडभाऊ दुपारीच रस्त्यावर उभे राहू लागले. गाडी दिसली की आडवा हात. "जेवल्याबिगर वर जाता काय? डोंगर काय पळून जाते?" पैसे घेणं दूरच, नुसतं विचारलं तरी रुसत. जेवण पानात पडेपर्यंत उन्हं उतरायला लागलेली असत. मग आग्रह. एक स्वतःकडून, एक घरधनिणीकडून, एक "आता हा तं कोनाचाच नाई, म्हनून घ्या". पाहुणे लिंबाखाली आडवे व्हायचे ते घोरायलाच लागायचे. सूर्य बिचारा एकटाच मावळायचा. मंगरूळपीरचे आमचे टायरवाले चाचा तीनदा सहकुटुंब येऊन गेले आणि त्यांनी डोंगराला अजून पाय लावलेला नाही. तिसऱ्यांदा लिंबाखाली पडल्या पडल्या पोटावर हात फिरवत म्हणाले, "भाऊ, पहाड देखने आये थे, तुमने तो पहाड पेट में रख दिया."

झिऱ्याकाठच्या चिखलात पुन्हा पावलं उमटू लागली, मोठी आणि त्यामागं बारकी. साडभाऊंनी मला हाताला धरून नेऊन दाखवली. आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या घरधनीण, मात्र चुलीपाशी कणकेनं कोपरापर्यंत भरलेल्या. त्या म्हणाल्या, "अस्वलीचं बाळंतपन मीच करून राह्यली. तिले म्हना, एकडाव येऊन वांगे तरी चिरून दे."

इथवर ठीक होतं. पण माझा हात थांबला नाही. मी तुपात निथळणाऱ्या रोडग्याचा फोटो टाकला. सद्भावनेनं टाकला, मी सगळे घोळ सद्भावनेनंच घालतो. तेव्हापासून लोक रोडग्यांसाठीच येतात. येताना कणीक, वांगी घेऊन येतात, चुलत्या-मावश्यांना घेऊन येतात, लिंबाला 'रोडगा पॉइंट' अशी पाटीही कुणी ठोकून गेलं. सनसेट पॉइंटवर आता चिटपाखरू नाही, म्हणजे चिटपाखरंच आहेत. साडभाऊंनी लढाई जिंकली.

या वैशाखात मी गेलो तेव्हा ते पंगतीत तुपाचं भांडं घेऊन फिरत होते. धोतराला राख, डोळे धुरानं लाल. मी जेवता जेवता विचारलं, "भाऊ, औंदा बाई आली?"

"आली असन."

"पाहिलं नाही?"

"कवा पाहू? याइले कोन वाढीन?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "अन् मी अठून उठलो का हे बी उठते, मास्तर. मांगं मांगं येते."

तेवढ्यात माझ्या शेजारची अमरावतीची एक पाहुणी, हातातला घास तसाच ठेवून, मान वर करून म्हणाली, "काका, हा मागे केवढा डोंगर आहे! काय आहे हो वर?"

मी साडभाऊंकडं बघितलं. या एका प्रश्नासाठी या माणसानं एसटीतल्या अनोळखी लोकांच्या बाह्या धरल्या होत्या. उन्हं अगदी कलली होती. सालईची खोडं तांब्यासारखी दिसत होती, मोर ओरडत होता, आणि पलीकडच्या अंगाला या वेळी काय चाललं असेल ते आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. त्यांचे ओठ हलले. एक हात वर उचललाही गेला.

"काई नाई, माय," ते म्हणाले, "धोंडे हायेत." या वेळी पुढं दुसरं वाक्य आलं नाही. त्यांनी वाकून तिच्या पानात तूप सोडलं, आणि बराच वेळ सोडतच राहिले. मला तिला सगळं सांगावंसं वाटत होतं. पण माझ्या तोंडात रोडगा होता, आणि तो गिळेपर्यंत ती दुसरा मागत होती.