धाकट्याचं पाकीट

गेलेल्या माणसाबद्दल विचारलं की काका चुटकी वाजवायचे. "असा गेला." वडील, दोन भाऊ, थोरला मुलगा, सगळे पन्नाशीच्या आत. त्यात त्यांना दुःखापेक्षा अभिमानच जास्त. "आमच्या घरात कोनी खितपत नाय पडला, बाय."

पनवेल-उरणकडच्या गावांत आम्ही वर्षानुवर्षं त्याच घरांत जाऊन त्याच माणसांचं रक्त घेतो. हृदयविकार आणि मधुमेह पिढ्यांमधून कसा उतरतो, ते शोधायचं असतं. गव्हाणच्या अलीकडच्या गावात काका आमचे वाटाडे. कोणाची आत्या कुठे दिली, कोण कोणाचा दत्तक, सगळं तोंडपाठ. कुत्र्यांनासुद्धा आमची ओळख त्यांनीच करून दिली होती.

अहवाल ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा, असा नियम. पण दिवसा घरी सापडतं कोण? आम्ही बंद पाकिटं काकांकडे द्यायला लागलो. तुम्हीही दिली असती.

त्यांच्या धाकट्या मुलाच्या पाकिटात काय आहे ते मला ठाऊक होतं. घराण्यातलं तेच त्याच्याही रक्तात उतरलं होतं. मी काकांना एवढंच म्हणाले, हे आजच द्या. आत काय आहे ते सांगितलं नाही, कारण दुसऱ्याचा अहवाल सांगायचा नसतो. एक नियम मोडून दुसरा पाळायचा शहाणपणा मी केला.

नातीच्या हळदीला मी गेले होते. नवरीचा बाप, म्हणजे हाच धाकटा, बेंजोवर नाचत होता आणि मधेच थांबून छाती चोळत होता. मी पाकिटाचं विचारलं. काका म्हणाले, लग्न होऊ दे, व्याह्यांच्या कानावर गेलं तर पोरीला बोल लावतील. लग्नानंतर फोन केला तर म्हणाले, पाचपरतावणाला नात माहेरी येऊन जाऊ दे. आनंदाच्या घरात कशाला, असं मलाही वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

नात यायच्या आदल्या दिवशी धाकटा द्रोणागिरीच्या गोदामात कामावर असताना कोसळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा काकांनी देवाच्या फोटोमागून पाकीट काढलं. फोडलेलं नव्हतं. "रगतातलंच हाय, त्याला कोन काय करनार, म्हनून ठेवलं. वाच आता."

मी वाचलं. डॉक्टरांना लगेच भेटा. रोज एक गोळी, कायमची.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "एकच?"

"हो."

"मिलते कुठं?"

"पनवेलमध्ये, काका. कुठल्याही दुकानात."

त्यानंतर ते आमच्यापुढे कधी चालले नाहीत. ओट्यावर बसलेले दिसायचे, आणि आम्ही गल्लीत शिरलो की उठून आत जायचे.