दुप्पट ताकदीचं इंजिन आणि अण्णा

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना गाडीसकट उसात घातलं.

माजलगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. तीन पिढ्या पातेली विकणाऱ्या घरातल्या माणसानं स्पोर्ट्स कार घेऊ नये असा काही कायदा नाही, म्हणून मी घेतली. पुण्याच्या एका गृहस्थाची, जुनी, लाल, दोनच सीटांची. तिच्यात बसताना आधी डोकं, मग उजवा पाय आणि मग उरलेला मी, असं टप्प्याटप्प्यानं आत जावं लागे. दिसायला चित्ता, पण इंजिन पार थकलेलं! एकदा बीडच्या रस्त्यावर मंडपाचं सामान नेणारा टेम्पो आम्हाला मागं टाकून गेला. वर बसलेल्या माणसानं एक खुर्ची उचलून दाखवली आणि "या, बसा!" अशी खूण केली.

त्याच क्षणी मी इंजिन बदलायचं ठरवलं.

"गाडीला नवं काळीज बसवायलेत," आमच्या सौभाग्यवती सुमननं जाहीर केलं, "आन् सोताचा बीपी तपासायला येळ न्हाई!"

आमचे जुने मिस्त्री रफिकभाई. त्यांनी एका चेपलेल्या मोठ्या गाडीचं इंजिन शोधून आणलं. दुप्पट ताकदीचं! ते आत मावेना, म्हणून बॉनेटला भोक पाडलं. भोकातून इंजिन असं वर आलं, जसं आखूड सदऱ्यातून पोट.

"शेठ, इंजिन डबल झालं, पन ब्रेक जुनेच हायत," रफिकभाई म्हणाले. "ते बी बदलू."

"आधी पळू तर द्या. थांबायचं मागून बघू!" (हे वाक्य मी अक्कल शाबूत असताना बोललो, याला माझे वडील, अण्णा, साक्षीदार आहेत. ते गॅरेजात स्टुलावर बसून सगळं ऐकत होते.)

रफिकभाईंनी मान हलवली आणि न सांगता दोन्ही सीटांना पक्के नवे पट्टे बसवले. शिवाय स्टिअरिंगखाली एक लाल बटण. त्याबद्दल ते मला बराच वेळ काहीतरी समजावत होते. पण मी इंजिनाचा आवाज ऐकण्यात गुंग होतो. काय आवाज! दुकानापुढं गाडी चालू केली तर फळीवरचे तेरा तांबे आणि एक घंगाळ खाली आलं.

दोनच दिवसांनी माझ्या भाचीचा साखरपुडा होता, उमापूरला. सुमन आणि बाकी मंडळी सकाळीच जीपनं पुढं गेली. मी म्हटलं, "अण्णा, तुमी माझ्याबरोबर चला. ऐटीत जाऊ!"

अण्णांनी धोतर सावरलं, फेटा मांडीवर घेतला, स्वतःचा पट्टा लावला आणि माझाही लावायला लावला.

गेवराईच्या रस्त्याला लागलो. पुढं मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. मी रेस दिली. गाडी अशी सुटली की अण्णांच्या मांडीवरचा फेटा त्यांच्या तोंडावर आला!

"शिवा, लई झालं. कमी कर," फेट्यातून आवाज आला.

मी पाय उचलला. पाय वर आला, रेस खालीच राहिली. वायर अडकली होती! ब्रेक दाबला. जुन्या ब्रेकनं नव्या इंजिनाला दोन-चार वेळा विनंती करून पाहिली आणि नाद सोडला. मी घाबरून हाताला येईल ते ओढलं. वायपर सुरू झाले. रेडिओ लागला. हॉर्न तर असा अडकला की बंदच होईना! समोर वळण. वळणावर शेळ्या. मी शेळ्या वाचवल्या आणि सरळ उसात शिरलो.

सपासप, सपासप! दोन्ही अंगांनी ऊस आडवा होतोय, पाचटाचा पाऊस पडतोय, आणि गाडी आत आत चाललीय. मग "टक्" असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. अण्णांचं बोट लाल बटणावर होतं.

"तुमाला कसं ठावं?" मी विचारलं.

"रफिक सांगत व्हता तवा मी त्याचं ऐकत व्हतो," अण्णा म्हणाले. "तू इंजिनाचं ऐकत व्हतास."

मी त्यांचे हात, पाय, कपाळ चाचपून पाहिलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. अण्णांनी फेट्याचा शेव पुढं केला आणि मी त्यात नाक शिंकरलं. (साखरपुड्याचा फेटा होता.)

एवढ्यात फोन वाजला. सुमन.

"अहो, कुठंवर आलात?"

"उसात."

"रसवंतीवर काय बसलात? पाव्हणे खोळंबलेत!"

हॉर्नच्या रोखानं पाचट बाजूला सारत शेताची मालकीण आली. रुक्मिणमावशी. हातात विळा. तिनं आडवा झालेला ऊस पाहिला, गाडी पाहिली, माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा गाडीत जाऊन बसणार होतो. मग तिला अण्णा दिसले.

"आगं बाई! म्हाताऱ्या मानसाला घेऊन शिरलास व्हय रं?"

"मावशी, नुकसान भरून देतो..."

"ऱ्हाऊ दे! उसाला बुडातून पुन्ना खोडवा फुटतो. बापाला फुटतो का? आदी सावलीत ने त्यान्ला."

तिनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, अण्णांना वारा घातला. मी रफिकभाईंना फोन लावला, तर ते म्हणाले, "शेठ, गाडीचं मागून सांगा. आदी अण्णा कसे हायत ते बोला!" त्या दिवशी त्या बांधावर बसून मी मनातल्या मनात किती जणांच्या पाया पडलो, याची गणती नाही. उसाच्यासुद्धा पडलो.

मावशीच्या पुतण्यानं ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली आणि ट्रॉलीत सतरंजी टाकून आम्हाला उमापूरला पोचवलं. आमची ऐट पाचटासकट मांडवाच्या दारात उतरली.

जेवणं होईपर्यंत अण्णांभोवती ही गर्दी! मी मठ्ठ्याचा पेला घेऊन कोपऱ्यातून ऐकत होतो. पहिल्यांदा सांगताना गाडी ऐंशीनं पळत होती. तिसऱ्यांदा दीडशेनं. पाचव्या वेळी तर गाडी अण्णाच चालवत होते!

"मग शिवा काय करत व्हता?" कुणीतरी विचारलं.

"शिवा? डोळे मिटून 'अण्णा, अण्णा' वरडत व्हता!"

सगळा मांडव हसला. मी हरकत घ्यायला उठलो, तोंड उघडलं, आणि पुन्हा खाली बसलो. कारण एवढा एक तपशील अण्णांनी पाचही वेळा अगदी खरा सांगितला होता.