गोबर गॅसने नेलेले चार दिवस

आमच्या घरी गोबर गॅस आला तेव्हा सगळ्यात जास्त मीच हरखले होते. मलकापूरहून बैलगाडीवर लोखंडी टोपण आलं, गोठ्यामागच्या शेणाच्या टाकीवर बसलं आणि काही आठवड्यांनी शेगडीत निळा जाळ उमटला. चुलीत कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकून माझे डोळे कायम सुजलेले. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

टाकीचं पोट रोज भरावं लागतं, हे मात्र नंतर कळलं. रोज सकाळी घमेलीभर शेण, पाणी, भाजीची देठं, खरकटं, सगळं हातानं कालवायचं, गुठळ्या फोडायच्या. काम आपसूक धाकट्या सुनेचं, म्हणजे माझं.

तरी महिन्यातले चार दिवस माझे होते. कावळा शिवला की मी पडवीत वेगळी बसायची. कशाला शिवायचं नाही, कुणी काम सांगायचं नाही. बाहेरून मॅट्रिकला बसायची परवानगी मी सासऱ्यांकडून रडून मिळवली होती, आणि अभ्यास व्हायचा तो याच चार दिवसांत. विटाळाची वाट बघणारी गावात मी एकटीच असेन.

गॅस आल्यानंतरच्या पहिल्या पाळीत शेण कुणी कालवेना. मोठ्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी गॅस संपून टोपण खाली बसलं आणि पाहुण्यांना दाखवायला लावलेला गॅसचा दिवा त्यांच्यासमोरच विझला. सासरे ओशाळले. सासूबाई तरातरा पडवीत आल्या.

"काऊन बसली वो? ऊठ, शेन कालव."

"मी तं बाहीर बसेल हाये, आत्याबाई."

"मंग? शेनाले कायचा इटाय? शेनानं तं इटाय जाते. चुलीले हात नोको लावजो, बस."

मी पुस्तक मिटलं आणि कोपरापर्यंत शेणात हात घातले. असा संताप झाला होता की गुठळ्या फोडताना दात आवळून धरले होते. चौथ्या दिवशी टोपण वर आलं. त्याच गॅसवर देवाचा नैवेद्य शिजला. माझं ताट दुरूनच सरकवलं गेलं.

पुढे दर महिन्याला तेच. शेण कालवायचं, हात धुवायचे, पुस्तक उघडायचं, तोवर कुणीतरी हाक मारायचं. एकदा उठवता येतं म्हटल्यावर गोठाही झाडायला आला, गोवऱ्याही आल्या.

परीक्षेचा महिना निघून गेला. एका सकाळी जाऊबाईंनी शेगडी पेटवायला कागद मागितला. मी बीजगणिताचं पान फाडून दिलं.