बाबा बरखास्त झाले तो दिवस

मला बघायला नाशिकहून पाहुणे आले, पण मला बघायच्या आधी त्यांना सगळं औरंगाबाद बघावं लागलं. ही अक्कल बाबांची. त्यांचं म्हणणं असं, की लेण्यांच्या पायऱ्या चढून आणि मकबऱ्याच्या उन्हात भाजून आलेला माणूस मुलीत खोड काढत नाही, तो फक्त पाणी मागतो. याआधी ताजेतवाने आलेले पाहुणे मला नापसंत करून ताजेतवानेच परत गेले होते. कुणाला माझा रंग खुपला, कुणाला आवाज. इंग्रजी हद्दीतले लोक तर आमच्या निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत आणि असं नाक मुरडून म्हणत, की जणू आम्ही झाडावर राहतो. मला लई राग यायचा. राग आला की आवाज आणखी चढायचा, आणि मग ते स्थळ गेलंच म्हणून समजा.

या नाशिकच्या स्थळाची अट एकच होती. हुंडा नको, रंग कसाही चालेल, पण मुलीचे वडील कायम नोकरीत पाहिजेत. अट चमत्कारिक खरी, पण तिच्यामागं दुखणं होतं. मुलाच्या वडिलांचे थोरले व्याही, म्हणजे मोठ्या सुनेचे वडील, नोकरी गेल्यावर चार दिवस हवापालटाला म्हणून लेकीकडं आले, ते अजून तिथंच होते. ओसरीवरची चांगली खुर्ची त्यांनी बळकावली होती, आणि आमटीला मीठ कमी आहे हेही तेच सांगत. आता दुसरा व्याही तसा निघाला तर बसायला खुर्ची उरणार नव्हती.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, अगदी कायम. त्यामुळं आई निर्धास्त होती. मी नव्हते. कारण सकाळी गाव बघायला निघताना पाहुण्यांचा टांगा आमच्या दारापुढं थांबला, तेव्हा मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. मुलगा खाली वाकला, तशी त्याची टोपी पडली आणि घोडा ती हुंगायला लागला. दुसऱ्या कुणी घोड्याला हाड केलं असतं. हा म्हणाला, "असू दे, बघ तुला होते का." मी तिथंच ठरवलं, की लग्न करीन तर याच्याशी. आता ठरवणारी मी कोण? पण ठरवलं.

बाबांना त्या दिवशी सुटी मिळाली नाही. म्हणून त्यांनी पाहुण्यांबरोबर चाचांना दिलं. चाचा बाबांच्याच कचेरीतले, पेन्शनीत निघालेले चपराशी. सगळं शहर ते स्वतःचंच असल्यासारखं दाखवायचे. फिरताना काय काय झालं, ते त्यांनीच नंतर आईला साग्रसंगीत सांगितलं.

आधी लेणी झाली. मग मकबरा. मुलाचे वडील म्हणाले, "ताजमहालासारखाच दिसतो, फक्त जरा लहान." यावर चाचा दुखावले आणि मनोऱ्याची सावली सोडून त्यांना बराच वेळ उन्हात उभं करून माहिती सांगत राहिले. तिथून पाणचक्कीकडं निघाले. पुलावर टांगा आला तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या गावाला नदी आहे म्हणतात, ती कुठाय?" गोदावरीकाठचे ते. खामनदीत तेव्हा म्हशी बसायच्या एवढंच पाणी होतं.

"ये क्या, नीचे," चाचा म्हणाले. "गर्मी में जरा रुखसत पे जाती."

रुखसत म्हणजे रजा. नदी रजेवर आहे, हे ऐकून मुलगा एवढा हसला, की त्याची टोपी पुन्हा पडली. इथवर सगळं छान चाललं होतं.

पाणचक्कीच्या वडाखाली पाहुणे बसले. हौदात वरून धो धो पाणी पडत होतं, गार तुषार येत होते. मुलाच्या वडिलांना बरं वाटलं. त्यांनी सहज विचारलं, "तुमचे साहेब कधी येणार?"

"आतेच होंगे. आज साब जल्दी बरखास्त हो गए."

आता इथं मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे. आमच्याकडं कचेरी सुटली की ती बरखास्त झाली म्हणत. शाळा बरखास्त व्हायची, बैठक बरखास्त व्हायची, आणि आमच्या घरात तर माणसंही बरखास्त व्हायची. जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या की बाबा मांडीवर थाप मारून उठत आणि म्हणत, "चला, बरखास्त." की आम्ही भावंडं अंथरुणात. आमच्याकडं बरखास्त झालेला माणूस सकाळी पुन्हा चहाला हजर असतो. नाशिककडं बरखास्त माणूस म्हणजे नोकरीवरून हाकललेला. तो काही परत येत नाही.

मुलाच्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. "बरखास्त? कुणी केलं?"

"बडे साब करते. आज जुम्मेरात है ना." शुक्रवारी आमच्याकडं सुटी, म्हणून गुरुवारी कचेरी लवकर सुटायची. पण हे चाचांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "साब तो बहुत खूश रहते बरखास्त हो के. पान खाते."

आणि तेवढ्यात बाबा आलेच. काखेत छत्री, तोंडात पान. "माफ करा हं," ते म्हणाले, "तुमच्यासाठीच आज पटकन बरखास्त झालो. सुटलो बुवा. आता निवांत."

"वाईट वाटलं ऐकून," मुलाचे वडील म्हणाले.

"वाईट कशाचं? चालायचंच." मग बाबांनी गळ्यात गळा घालायच्या सुरात सांगितलं, की गोदावरी बघायची त्यांची फार इच्छा आहे, आणि एकदा पोरीचं लग्न झालं की नाशिकला येऊन चांगलं राहायचा त्यांचा बेत आहे. मुलाच्या वडिलांना तिथंच ओसरीवर दुसरी खुर्ची दिसली असणार.

संध्याकाळी मंडळी घरी आली ती मयतीला आल्यासारखी. मी आत साडीचा पदर धरून बसले होते. आई दारातून म्हणाली, "आधी सुशीला आणते, मग मुलगी." सुशीला म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे चुरमुरे. मुलाचे वडील मुलाच्या कानात म्हणाले, "यांना दोन मुली आहेत?" बशा आल्या तेव्हा खुलासा झाला, पण ते हसले नाहीत.

मला बाहेर बोलावलं. मी पाटावर बसले, मान खाली. स्वयंपाक येतो का, विचारलं नाही. शिवण विचारलं नाही. कुणी काही विचारेना, तेव्हा मला कळलं की बिनसलंय. मी तिरक्या नजरेनं मुलाकडं पाहिलं. तो सुशीला चिवडत बसला होता, तोंड उतरलेलं. मला रडू यायला लागलं आणि रागही.

मुलाचे वडील उठले. "मुलगी चांगली आहे," ते बाबांना म्हणाले, "पण आज तुमच्यावर अशी वेळ आलीय. नोकरी गेलेल्या माणसाला आम्ही कशाला आणखी खड्ड्यात घालावं? राहू दे आता."

"कुणाची नोकरी गेली?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, बरखास्त झालो म्हणून."

"हौ, झालो की. शनिवारी परत जातो."

"परत घेतात?"

"न घेऊन सांगतात कुणाला? मी रोजच बरखास्त होतो."

मुलाचे वडील खाली बसले. मोगलाईत काय चालतं, याविषयी त्यांनी जे जे ऐकलं होतं ते सगळं त्यांना आता पटलं असावं. दोघं एकमेकांकडं नुसते बघत राहिले आणि माझं स्थळ माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. पाटावरच्या मुलीनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

"अहो, कचेरी सुटली," मी म्हणाले, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले. "नोकरी नाही सुटली."

आईनं कपाळाला हात लावला. मुलाला हसू फुटलं, चुरमुरा घशात अडकला आणि चाचा त्याच्या पाठीत दणके घालायला लागले.

"मुलगी बोलते," मुलाचे वडील म्हणाले.

"बोलते," बाबा म्हणाले. "तेवढं कळवायचं राहून गेलं."

"आणि नाशिकला राहायचं म्हणत होता ते?"

"रुखसत मिळाली तर. दोन दिवस."

"दोन दिवस," मुलाच्या वडिलांनी घोकून घेतलं. मग त्यांनी सुशीला आणखी मागितली. म्हणजे जमलं.

लग्न औरंगाबादेतच झालं. ज्यांना आता मी मामंजी म्हणायला लागले होते, ते लग्नभर तो शब्द सगळ्यांवर वापरून पाहत होते. वाजंत्र्यांना बरखास्त केलं, पंगतीला बरखास्त केलं, टांग्याच्या घोड्यालाही. एकदा शिकले तर अगदी अस्सल औरंगाबादी शिकले.

स्टेशनावर सगळे डब्याशी उभे होते. आई रडून मोकळी झाली होती. बाबा खिडकीशी उभे राहून माझी पाण्याची सुरई कलंडू नये म्हणून पुन्हा पुन्हा नीट ठेवत होते. गर्दी कुठं रेंगाळली की ती मोडायचं काम नेहमी त्यांचं. मी वाट पाहत होते, आता मांडीवर थाप मारतील आणि म्हणतील. ते काही म्हणेनात. सुरई तेवढी हलवत राहिले. कायम नोकरी होती ना, दोन दिवसांच्या वर नाशिकला यायचे नव्हते. माझं लग्न त्याच्यावरच जमलं होतं.

शिट्टी झाली. कुणीच हलेना, तेव्हा मामंजींनी खिडकीतून हात बाहेर काढला, बाबांच्या खांद्यावर ठेवला आणि हौसेनं म्हणाले, "चला व्याही, बरखास्त."

सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी सुरईवरचा हात काढून घेतला. मामंजींनी शब्द अगदी आमच्या अर्थानं वापरला होता, काही चूक नव्हती. मला मात्र तो नाशिकच्या अर्थानं ऐकू आला.