पायाखालची वेलांटी

"मॅडम, सरळ सांगा. हिचा हात येते का नाही येत?"

वकीलसाहेब माझ्या क्लिनिकमध्ये खुर्चीच्या टोकावर बसले होते. अकोल्याहून खास आले होते. शेजारी मंदाताई. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लेखी युक्तिवाद, साहेबांचं सगळं मराठी टायपिंग त्याच करत. स्कूटीवरून पडून त्यांच्या डाव्या हाताच्या नसांना इजा झाली होती. खांदा आणि कोपर थोडं हलू लागलं होतं. बोटं नाही.

"बोटं कामापुरती येतील असं वाटत नाही," मी म्हणाले.

"मंग मले दुसरी टायपिस्ट पाहा लागन." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं काम अडलं होतं. "मंदाले मी फायली लावाले ठेवतो ना."

मंदाताई पहिल्यांदाच बोलल्या. "फायली मी लावणार नाई, साहेब."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अमरावतीत राजापेठेत माझं क्लिनिक आहे. लोक आम्हाला फिजिओथेरपिस्ट समजतात. फरक सोपा आहे. ते हात हलवायला शिकवतात. आम्ही आहे त्या हातानं माणसाचं रोजचं काम कसं होईल ते बघतो. साहेबांकडून मी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली.

पहिल्याच सेशनला मी मंदाताईंना एका हातानं टाइप करायला बसवलं. त्या रेमिंग्टनवाल्या. रेमिंग्टन म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आलेला लेआउट, म्हणजे कोणत्या बटणावर कोणतं अक्षर याची मांडणी. त्यात अक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा बोर्डभर पसरलेल्या असतात. एकटा उजवा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. पानभर मजकूर होईपर्यंत उजवा खांदाही दुखायला लागला. असंच चाललं असतं तर दुसरा हातही गेला असता.

मी बघत होते ते मात्र टेबलाखाली. त्यांचा डावा पाय ताल धरून होता. प्रत्येक शब्दाला टाच उचलायची, पडायची.

"हे नेहमीचंच का?"

"काय? पाय? मले तं माहीतच नाई बाप्पा."

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे धांडेसर माझ्या ओळखीचे. त्यांना मी विचारलं, पायानं दाबायचं बटण कॉम्प्युटरला जोडता येईल का. ते म्हणाले, येईल, पण रेमिंग्टन सोडावा लागेल. इन्स्क्रिप्ट नावाचा दुसरा लेआउट आहे. त्यात बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला असतात. उजवा हात शाबूत असल्यानं व्यंजनं मिळालीच. मात्रांसाठी सरांनी युक्ती केली. पायाखालचं पेडल दाबलं की उजव्या हाताची बटणं डाव्या हाताचं काम करायची, आरशात दिसावं तशी. तर्जनीखाली एरवी 'र'. पेडल दाबून तेच बटण दाबलं की ऱ्हस्व वेलांटी.

मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी आजवर जे शिकली ते सगळं सोडून द्या म्हणता?"

"हो."

"काहून? मले माह्या बोर्डावर डोळे मिटून टाइप करता येते."

"दोन हातांनी येत होतं."

असं बोलायला नको होतं असं मला क्षणभर वाटलं. त्या हसल्या. "खरं हाय ते. लावा पेडल."

पाय त्यांना पटकन जमला. अडली ती वेलांटी. रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कागदावर दिसते तशी. इन्स्क्रिप्टमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. बोटं जुनीच सवय चालवत. 'प्रतिज्ञापत्र' लिहायला जावं तर 'प्रितज्ञापत्र' उमटायचं.

"मॅडम, यात तं प्रीत आली," त्या म्हणाल्या. "कोर्टात दिलं तं जजसाहेब लग्नच लावून देतील."

पुढच्या आठवड्यांत हसणं कमी झालं. लेआउट बदलताना अशी एक पायरी येतेच. जुना हातातून जातो, नवा अजून बसलेला नसतो. माणूस दोन्हीकडून अडाणी होतो. एके दिवशी त्या स्वतःच्या आडनावावर अडकल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. अकोटहून त्यांचा भाऊ सोबत आला होता. तो हळूच म्हणाला, "ताई, चाल आता घरी. शेत आहे, आमी आहो. कावून जीव काढून राहिली?"

"तुह्या घरी मी पाहुणी म्हणून येईन रे," मंदाताई म्हणाल्या. "राहाले नाई." आणि पुन्हा पेडलवर पाय ठेवला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कुणाला शिकवलेलं नाही. अकोला–अमरावती एसटीत खिडकीशी बसून त्या दुकानांच्या पाट्या वाचत. कृषी केंद्र, किराणा, हॉस्पिटल, मंगल कार्यालय. उजवी बोटं पर्सवर चालत आणि डावा पाय खाली दाबत असे. कंडक्टरनं एकदा विचारलं, "ताई, पायाले मुंग्या आल्या का?" त्या म्हणाल्या, "नाई भाऊ, मात्रा देऊन राहिली." 

दिवाळीच्या आधी मी अकोल्याला साहेबांच्या ऑफिसात गेले. पेशंट जिथं काम करणार ती जागा बघणं हाही आमच्या कामाचा भाग असतो. टेबल थोडं खाली घेतलं, पेडल सरकू नये म्हणून खाली रबर लावलं. साहेब डिक्टेशन द्यायला बसले. एकेक शब्द सुटा, शाळेतल्या शुद्धलेखनासारखा.

मंदाताईंनी थोडा वेळ सोसलं. मग मान वर न करताच म्हणाल्या, "साहेब, असं सांगाल तं कोर्ट उठून जाईल. नेहमीसारखं बोला."

साहेब माझ्याकडे बघून चाचरले, मग बोलू लागले. नेहमीसारखं. टेबलाच्या वर एक हात आणि खाली एक पाय, दोघांचं संगनमत चाललं होतं. एका लांबलचक वाक्यावर मंदाताईंनी "थांबा" म्हटलं. साहेब थांबले. "हं, सांगा." पुन्हा सुरू. मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले. थेरपिस्टनं पेशंटसमोर डोळे पुसू नयेत असा नियम आहे. मी चष्मा पुसला.

प्रिंट निघाली. साहेब लाल पेन घेऊन वाचायला बसले. पहिल्या पानावर काही नाही. दुसऱ्यावर त्यांनी एक वाक्य खोडलं, ते त्यांचं स्वतःचंच होतं. 'प्रतिज्ञापत्र' प्रत्येक ठिकाणी बरोबर होतं.

वेग आधीइतका नव्हता, आजही नाही. साहेबांनी कागद खाली ठेवला. "उद्या साडेदहाले येजो, मंदा," एवढंच म्हणाले.

काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, हे काय करून ठेवलं? मंदा भावाच्या लेकराईसोबत चिखलदऱ्याले गेली. ज्युनिअर बसला टाइप कराले, तं कोणतंच अक्षर जागेवर नाई! माह्यं ऑफिसच बंद पडलं ना!"

"सोमवारी येतील त्या," मी म्हणाले.

हात परत आणणं नेहमी आमच्या हातात नसतं. बटणं मात्र हलवता येतात, आणि ती हलवल्यावर शिकायला लागणारी हिंमत पेशंटची असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते.

ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरवर जुना लेआउट परत आणायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. धांडेसरांनी ती सोय ठेवलेली आहे. ती मंदाताईंना माहीत आहे, मला माहीत आहे. साहेबांनी अजून विचारलेलं नाही.